न मळलेली पुस्तकं

आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, यावर आप्पांची जीप आणि सखूआत्या यांची कायम चढाओढ असे. जीपला सुरू व्हायला वेळ लागायचा, आत्याला लागत नसे, त्यामुळे बहुतेक दिवस आत्याच जिंकायची. शिनोलीत रस्त्याला लागून आमचं दोन खोल्यांचं घर. आप्पा घोडेगाव ते डिंभे वडाप करत, माणशी भाडं घेऊन. पुढच्या सीटवर मानाची माणसं, मागे बाजारची माणसं, टपावर पोती आणि मागच्या दाराला लोंबकळणारी कॉलेजची पोरं, असं सगळं गाव त्या जीपमध्ये रोज दोन-तीनदा ये-जा करायचं. आई सकाळी उठून टोमॅटोच्या तोडणीला जायची आणि फारसं बोलायची नाही. घरात बोलायचं काम आत्याने अंगावर घेतलं होतं आणि त्यात ती कुणाला वाटेकरी होऊ देत नसे.

आत्या आप्पांची थोरली बहीण. तिला ओतूरकडे दिली होती. मला कळायला लागलं तेव्हा ती आमच्याकडेच होती. ती सासरहून परत का आली हे घरात कुणी विचारत नसे. एकदा मी विचारलं, तर तिने माझ्या हातात लसणाचा गड्डा दिला आणि सोलायला बसवलं. दुसऱ्यांदा विचारायची माझी छाती झाली नाही. तिच्या हातची मासवडी खायला आप्पांच्या जीपमधले पाहुणेरावळेसुद्धा काहीतरी निमित्त काढून थांबायचे. बेसनाचा घट्ट गोळा ओल्या फडक्यावर थापायचा, त्यात तीळ, खोबरं, कांदा-लसणाचं सारण भरायचं आणि फडक्यासकट अलगद गुंडाळायचं. हे चाललेलं असताना घरात कुणी तोंड उघडायचं नाही, वडीला तडा जातो, असा तिचा कायदा होता. आज मी मासवडी करते तेव्हा रेडिओ चालू असतो, नवरा फोनवर ओरडत असतो, आणि वडीला तडा जात नाही. आत्याला स्वतःलाच तेवढा वेळ शांतता हवी असणार, असं आता वाटतं.

मी सहावीत होते त्या वर्षी पुस्तकांची पेटी आली. आप्पांच्या जीपच्या टपावरून आली, खताची पोती आणि कुणाच्या तरी शेळीच्या मधे बसून. निळी पत्र्याची पेटी, तिला पितळी कुलूप. रस्त्यावरच्या बायकांना वाटलं, कुणाचं तरी रुखवत चाललंय. घोडेगावच्या पुढे कुठेतरी राहणाऱ्या एक बाई होत्या, त्या अशा पेट्या भरून गावोगावच्या शाळांना देत. काही महिने एका शाळेत, मग दुसऱ्या. आम्ही त्यांना पेटीच्या बाई म्हणायचो. साडी नेसायच्या आणि पायात कॅनव्हासचे बूट घालायच्या, त्यामुळे पहिल्या दिवशी आम्ही पुस्तकांपेक्षा त्यांच्या पायांकडेच जास्त पाहिलं. गुरुजींनी पेटीपुढे नारळ फोडला, कुलपाला हळदकुंकू लावलं, आम्हाला रांगेने पाया पडायला लावलं. बाई काहीतरी बोलू पाहत होत्या, पण तोवर खोबरं वाटायला सुरुवात झाली होती आणि त्यानंतर कुणी काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं.

आमचे गुरुजी वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. दोन खोल्यांची शाळा त्यांनी देवघरासारखी ठेवली होती. पण लोकांची वस्तू आपल्या ताब्यात आहे म्हटलं की त्यांना झोप लागत नसे. पेटी आली तशी त्यांनी ती आपल्या खुर्चीमागे ठेवली आणि शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी अर्धा तास ती उघडायचा वार ठरवला. आधी हातांची तपासणी. मग तेल जास्त झालेल्या डोक्यांची मागे रवानगी, कारण तेलाचे थेंब कागदावर पडले तर जात नाहीत. मग गुरुजी एकेक पुस्तक दोन्ही हातांत धरून आरतीच्या ताटासारखं आमच्यासमोरून फिरवायचे, नाव वाचायचे, आम्ही ते नाव एका सुरात म्हणायचं, आणि पुस्तक परत पेटीत. ज्याचे हात अगदीच स्वच्छ असतील त्याला एखादं पान उघडून पाहायला मिळे. माझे हात कधीच तसे नसत. टोमॅटोच्या झाडाला हात लावला की बोटांवर काळपट हिरवा थर बसतो, तो साबणाने जाता जात नाही, आणि शाळेआधी तास-दीड तास तोडणी केल्याशिवाय आमच्यातली निम्मी पोरं शाळेत येतच नसत. दत्तू नावाचा माझ्या वर्गातला मुलगा म्हणायचा, देवाचं दर्शन तरी जवळून मिळतं, पुस्तकाचं मिळत नाय.

पण मुखपृष्ठं मात्र दिसायची, आणि त्यातलं एक माझ्या डोक्यातून जाईना. हिरव्या रंगाचं पुस्तक. वर उंटावर बसलेली एक बाई, मागे वाळू, आणि तिच्या मांडीवर झाकलेली टोपली. त्या टोपलीत काय असेल? मला वाटलं बांगड्या. संध्याकाळी आत्या भाकऱ्या थापत असताना मी तिला त्या बाईची गोष्ट सांगायला लागले. पुस्तकात अशी अशी गोष्ट आहे, असं म्हणूनच सांगितली, कारण पुस्तकात काहीतरी गोष्ट असणारच होती आणि माझ्यापर्यंत ती येण्याची काही चिन्हं नव्हती. माझ्या गोष्टीतली बाई नवऱ्याला कंटाळून निघाली होती. नवऱ्याने तिच्या शेळ्या विकून खाल्ल्या होत्या. ती नारायणगावच्या बाजारात उंट घेऊन आली, तिथे एका दलालाने तिच्या टोपलीला हात लावला, तर तिने त्याला उंटाच्या दोरीने फोडून काढला. आत्याला ही बाई फार आवडली. तव्यावरची भाकरी उलटायची राहायची. शनिवार झाला की ती मला विचारायची, "कुठवर आली गं उंटवाली?" आणि मी तिला जुन्नरला, लेण्याद्रीला, माळशेजला नेऊन आणायचे. बाई जिकडे जाईल तिकडे चार माणसं तिच्या वाटेला जायची आणि चारातल्या दोघांना मार बसायचा.

दिवाळी होऊन गेल्यावर पेटीच्या बाई अचानक आल्या. गुरुजींनी अभिमानाने पेटी उघडून दिली. बाईंनी एक पुस्तक काढलं, उघडलं, तर ते कोऱ्या पुस्तकासारखं करकरलं. दुसरं काढलं, तेही करकरलं. आतून नव्या डिंकाचा वास आला. बाई म्हणाल्या, "गुरुजी, ही तर मी दिली तशीच आहेत." गुरुजींचा चेहरा खुलला. म्हणाले, "एक डाग दाखवा." आपल्याला शाबासकी मिळतेय असं त्यांना वाटत होतं आणि आम्हालाही तसंच वाटत होतं. बाईंनी पुस्तक हळूच मिटलं. तळेघरच्या शाळेतली पोरं लांबून चालत शाळेला येतात, त्यांनी आधीची पुस्तकं वाचून वाचून त्यांची पानं सुटी केलीत आणि आता नवी मागतात, असं त्यांनी सांगितलं. इथे कुणी वाचत नसेल तर पेटी तिकडे गेलेली बरी. पुढच्या शनिवारी त्या न्यायला येणार होत्या. बाई गेल्यावर गुरुजी बराच वेळ पेटीचं झाकण पुसत राहिले, जिथे मुळात धूळ नव्हतीच.

मी घरी येऊन रडले. रडण्याचं कारण विचारल्यावर सांगितलं, तर आत्याच्या हातातलं लाटणं थांबलं. उंटवाली तळेघरला जाणार म्हणजे मग तिचं पुढे काय झालं हे आपल्याला कळायचं कसं, हा तिचा पहिला प्रश्न होता. दुसरा प्रश्न तिने आप्पांना विचारला. पेटी आणली तुझ्या जीपने, मग न्यायची पण तुझ्याच जीपने का? आप्पा म्हणाले, बाईंचा माल हाय, न्हाई कसं म्हणायचं. त्या रात्री आत्याने आप्पांना रश्श्यात वडी वाढली नाही, नुसता रस्सा वाढला.

सोमवारी गुरुजी शाळेत आले ते ठरवून. रविवारभर त्यांनी विचार केला असणार, आणि विचार करून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो आमच्या गुरुजींनाच सुचू शकतो. बाईंना मळलेली पुस्तकं हवी आहेत, असा. त्यांनी पेटी उघडली, एकेकाला हाताला येईल ते पुस्तक दिलं आणि गंभीरपणे सांगितलं, ही घरी न्या, शनिवारपर्यंत वापरा, पण वापरल्यासारखी दिसली पाहिजेत. मी धावत जाऊन हिरवं पुस्तक उचललं. माझ्या हातांकडे त्या दिवशी कुणी पाहिलं नाही. उलट ज्यांचे हात काळे होते त्यांच्याकडे गुरुजी जरा आशेने पाहत होते.

तो आठवडा आमच्या गावाने कधी विसरू नये असा गेला. दत्तूने आपलं पुस्तक म्हशीच्या पाठीवर ठेवून तिला ओढ्यापर्यंत नेलं. एकीने कोपरे दुमडायचं काम भावंडांत वाटून दिलं. कुणी हळदीच्या बोटांनी पानं चाळली, कुणी उशाखाली घेतलं, एकाने जीपखाली झोपून ग्रीस लावून घेतलं आणि आप्पांकडून शिव्या खाल्ल्या. टोमॅटोच्या तोडणीत बायका विचारायच्या, तुझं किती मळलं, आणि स्वतःच हात पुसून द्यायच्या. पण पान मळवायचं म्हणजे ते उघडावं लागतं, आणि उघडलं की नजर तिथे जातेच. दत्तू बुधवारी शाळेत आला तो एका चोराची गोष्ट सांगतच. ती सांगण्याच्या नादात म्हशीचं सांगायला विसरला.

आमच्या घरी वेगळंच झालं. मी हिरवं पुस्तक आणून चुलीपाशी ठेवलं आणि त्यावर थोडं बेसन सांडू दे म्हणून आत्याला म्हटलं. आत्या उखडली. खोटं मळवायचं न्हाई म्हणाली. "आदी वाच. वाचून मळलं तर मळू दे." मी वाचायला लागले. आता त्यात माझ्या गोष्टीतलं काहीच नव्हतं. टोपलीत बांगड्या नव्हत्या, औषधाच्या मुळ्या होत्या. बाईचा भाऊ वाळवंटापलीकडे आजारी पडला होता आणि ती उंट घेऊन त्याच्याकडे निघाली होती. वाटेत वादळ, विहीर, एक आंधळा म्हातारा. कुणाला मारही बसत नव्हता. मी घाबरत घाबरत आत्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे न बघता भाकऱ्या थापत होती. तिने एवढंच विचारलं, "नारायणगाव कुठं गेलं?" मी म्हटलं, ते दुसऱ्या भागात असेल. तिने मान हलवली, पण माझा कावा तिला कळला असणार, कारण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. त्यानंतर रोज मी वाचायची, ती ऐकायची, आणि पानांवर आपोआप पिठाची बोटं उठायची. वादळाच्या पानावर तर ती मासवडी करत असतानाही मला वाचायला लावत होती. वडीला तडा गेला. ती काही बोलली नाही.

शुक्रवारी शेवटचं पान आलं. भाऊ बरा होतो. बाई त्याचा निरोप घेते, उंटावर बसते आणि सासरी परत जाते. तिथे तिची आरती होते, संपली गोष्ट. मी पुस्तक मिटलं तरी आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "परत गेली?" मी म्हटलं, हो, असं लिहिलंय. ती उठून बाहेर गेली आणि जीपच्या पाठीमागच्या अंधारात काय करत होती देव जाणे. आप्पा दार उघडून बघून आले आणि आईला म्हणाले, असू दे.

शनिवारी बाई आप्पांच्याच जीपने आल्या. आत्याही त्यांच्यामागे शाळेत आली, चहाची किटली घेऊन, पण ती किटली नुसतं निमित्त आहे हे तिच्या चालण्यावरून कळत होतं. बाईंनी पेटी उघडली. आतून हळद, लसूण, डिझेल आणि म्हैस असा सगळा मिळून वास आला. बाईंनी एकेक पुस्तक वर काढलं. एका आठवड्यात एवढी मळलेली पुस्तकं त्यांनी कधी पाहिली नसावीत. त्या गुरुजींकडे पाहू लागल्या आणि गुरुजी खिडकीकडे. मग त्यांनी आम्हाला विचारलं की कुठल्याही एका पुस्तकात काय आहे ते कुणी सांगेल का. आमची पाचावर धारण बसली. पाहुण्यांसमोर विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि विचारलं तरी उभं राहून हात जोडून एका वाक्यात बोलायचं, एवढंच आम्हाला शिकवलेलं. दत्तूसुद्धा खाली बघत होता. मग बाईंनी झाकण लावलं आणि आप्पांना पेटी जीपमध्ये ठेवायला सांगितलं. आप्पांनी वाकून एका बाजूची कडी धरली.

"थांब," आत्या म्हणाली. आप्पा वाकलेलेच थांबले. आत्याने किटली खाली ठेवली आणि सरळ बाईंपुढे येऊन उभी राहिली. त्या उंटवालीचं तेवढं सांगून जा, म्हणाली. बाईंना काही कळेना, तेव्हा मी पेटीतून हिरवं पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. आत्याने विचारलं, की ती बाई परत सासरी का गेली. बाई म्हणाल्या, तिचा भाऊ बरा झाला म्हणून.

"भाऊ बरा झाला तर भावापाशी ऱ्हायचं की. सासरी तिला काय व्हतं? एवढी वाळू तुडवून आली, कुनी आलं का तिच्यामागं? आन मंग आरती कसली करत्यात?" आत्याचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "भाऊ काय नको म्हनला व्हता का तिला?"

आप्पांनी पेटीची कडी सोडली. ते बाईंकडे नाही, गुरुजींकडे नाही, आत्याकडेही न बघता म्हणाले, "भाऊ कशाला नको म्हणंल, अक्का."

एवढ्या वर्षांत त्या दोघांत याविषयी झालेलं हे एकच बोलणं, आणि ते आमच्या शाळेत, एका उंटाच्या निमित्ताने झालं. तेव्हा मला ते पूर्ण कळलं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे आठवतं.

मग दत्तूला राहवलं नाही. तो हात न जोडता उभा राहिला आणि म्हणाला, की बाई गेली तरी चालेल, पण उंट भावाकडे ठेवायला पाहिजे होता. हे पुस्तक त्याने गुरुवारी माझ्या दप्तरातून चोरून काढून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं आणि मागच्या बाकांना सांगूनही टाकलं होतं. मागून कुणी म्हणालं, उंट तिचाच होता, ठेवील कशाला. कुणी म्हणालं, तिने आंधळ्या म्हाताऱ्याकडे जायचं होतं, त्याला कुणी नव्हतं. मग दत्तूच्या चोराची, कुणाच्या राक्षसाची, ज्याच्या पुस्तकाला ग्रीस लागलं होतं त्याच्या विमानाची अशी सगळ्यांची भांडणं एकदमच सुरू झाली. गुरुजींनी छडी टेबलावर आपटली, ती कुणाला ऐकू गेली नाही.

बाई मधेच उभ्या होत्या. त्या आत्याकडे वळल्या, पुस्तक तिच्यापुढे धरून म्हणाल्या, "तुम्हाला शेवट कुठे चुकला असं वाटतं, ते पान दाखवा बरं मला." त्यांनी चांगल्या मनाने विचारलं होतं. आत्याने पुस्तक हातात घेतलं. घेतलं ते उलटं. भांडणारी पोरं वळून बघू लागली. मला वाटलं धरणी दुभंगावी. आत्याने पुस्तकाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"मला वाचता येत न्हाई, बाई. ही वाचती, मी ऐकती. तुमी पेटी न्या, तुमची हाय. पर मंग ही काय वाचंल आन मी काय ऐकू, तेवढं सांगून जा."

बाई बाकावर बसल्या. त्यांनी किटलीतून स्वतःच चहा ओतून घेतला, तो गार झालेला होता, तरी प्यायल्या. ही इथेच राहू दे, तळेघरला दुसरी पेटी भरून पाठवीन, म्हणाल्या. गुरुजींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि सवयीने पेटीला कुलूप घालायला पुढे झाले. बाईंनी हात पुढे केला. गुरुजींना वाटलं किल्ली मागताहेत, त्यांनी किल्ली दिली. बाईंनी कुलूपही काढून घेतलं, आपल्या कापडी पिशवीत टाकलं आणि आप्पांना म्हणाल्या, चला. पेटी न्यायला आलेल्या बाई कुलूप घेऊन गेल्या.

जीपचा आवाज घोडेगावच्या दिशेने लांब गेला तेव्हा आम्ही पेटीवर तुटून पडलो होतो. गुरुजींनी एकदा "हात" असं म्हटलं आणि पुढचं गिळलं. मग त्यांनी स्वतः वाकून एक पुस्तक काढलं, म्हशीच्या पाठीवरून गेलेलं, आणि दारापाशी भिंतीला टेकून उघडलं. तेव्हा आमच्या लक्षात आलं, की त्या पेटीतलं त्यांनीही आजवर एकही वाचलं नव्हतं. शाळा सुटायची वेळ झाली, टळून गेली. घंटा त्यांनी वाजवायची होती, ती कुणी वाजवली नाही. आत्या पहिलीच्या बाकावर गुडघे वर करून बसली होती आणि मी तिला विमानाचं पुस्तक वाचून दाखवत होते. आप्पा बाईंना सोडून, एक फेरी मारून परत आले, घरी कुणी नाही म्हणून शाळेत आले, आणि दारात उभं राहून म्हणाले की जेवायचं काय. आत्याने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"भाकरी टोपल्यात हाय. तुझी तू घे," ती म्हणाली, आणि मला म्हणाली, "वाच पुढं."